तीनशे एकोणसाठ

एक वाजता निकाल.
साइटवर दोनच रकाने: बैठक क्रमांक
आणि आईचं नाव.
आई तवा उतरवून आली, पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली,
"बघ, इतक्या कागदांत
माझं नाव कधी कुणी विचारलं नव्हतं."

रत्ना टाकलं, उघडेना.
रत्नप्रभा टाकलं, उघडेना.
मग आठवलं, पाचवीत बाईंनी आपल्याच मनाने
रत्नमाला लिहिलं होतं,
दुरुस्त करायला कुणी गेलंच नाही.
रत्नमालाची मुलगी श्रावस्ती:
सहाशेपैकी तीनशे एकोणसाठ.

एक मार्क.
त्या एका मार्काने साठ टक्के होत नाहीत
एवढं गणित कन्नमवार नगरात सगळ्यांना येतं.
अहिरेकाकू दारातूनच म्हणाल्या, "रिचेकिंग टाका."

समजवायला मला बसवलं,
घरात बी.कॉम. मी एकटाच.
डिग्री कपाटाच्या वरच्या कप्प्यात,
डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली.
भाड्याच्या काळ्या झग्यातला फोटो टीव्हीवर.
रोज दहा ते सात मालाडच्या एका हॉलमध्ये
हेडफोन लावून मी लोकांना विचारतो,
हप्ता कधी भरताय.
परवा एक जण म्हणाला, "आवाजावरून शिकलेले वाटता."
मी पुढचा नंबर लावला.

"ग्रॅज्युएट तरी हो गं," मी म्हटलं.
म्हटलं कसलं, पाठच होतं.

ती म्हणाली,
"दिवाळीत आपली लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली होती,
मी दोन तास मेकॅनिकला बॅटरी धरून उभी होते.
तो म्हणाला, दोर एवढे असतात की
एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात.
मला ते आतून बघायचंय, दादा.
कॉलेजात तीन वर्षं मी काय उघडून बघणार?"

मी आठवायला लागलो.
तिसऱ्या वर्षाला कॅन्टीनचा वडा दोन रुपयांनी वाढला
एवढंच आठवलं.

लिफ्ट कंपनीत अप्रेंटिस, महिना नऊ हजार,
दोन वर्षं, नंतरची हमी नाही.
आई म्हणाली, "मुलीची जात, आणि त्या अंधाऱ्या डक्टात?
नखांतलं ग्रीस जातं तरी का?
उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं?"
"सांग, लिफ्ट चालू आहे."
आईला हसू आलं, ते तिने रागात गुंडाळलं.

बाबा काहीच बोलले नाहीत.
ज्या कारखान्यात त्यांनी एकवीस वर्षं काढली
तिथे आता काचेची इमारत आहे,
ते तिथेच वॉचमन आहेत.
सहा लिफ्ट.
त्यांनी मागचीच वापरायची.

रात्री तिने दोन्ही फॉर्म भरले.
कॉलेजची यादी गुरुवारी,
कंपनीची मुलाखतही गुरुवारी.
आईचं नाव, या रकान्यापाशी आई खाली वाकली,
"या वेळी तरी रत्नप्रभा लिही."
"मार्कशीटशी जुळलं नाही तर परत पाठवतील."
आई जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
"बरं. राहू दे रत्नमाला."

गुरुवारी कुठली बस पकडणार ते ती सांगेना.
एवढंच म्हणाली, "तुझे जाड बूट दे."
दोन नंबर मोठे.
मी रद्दीतला निकालाचा अंक काढला,
पेढा तोंडाशी धरलेल्या मुलांच्या फोटोंचं पान
चुरगळून दोन्ही बुटांच्या टोकांत कोंबलं.
ती खोलीभर चालून आली, दारापासून मोरीपर्यंत.

"टोचतंय?"
"नाही," ती म्हणाली,
"नुसता आवाज येतोय."